इमारत कशावर उभी असते? बफेलो शहराची साक्ष

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराचे पाणी जिथे नायगारा नदीत उतरते, त्या काठावर बफेलो हे शहर वसले आहे. १९०० साली साडेतीन लाख वस्तीचे हे शहर लोकसंख्येत अमेरिकेत आठव्या क्रमांकावर होते. धान्य, पीठ, पोलाद, साबण आणि रेल्वे यांच्यावर ते पोसले गेले. १९५० च्या जनगणनेत इथे ५,८०,१३२ माणसे नोंदली गेली. २०१० साली उरली २,६१,३१०. निम्म्याहून अधिक माणसे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या इमारतींचे काय होते, हे पाहायला बफेलोइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पकाराने बांधलेली जगप्रसिद्ध कचेरी इथे पाडली गेली, आणि तिच्या जवळचे एक साधे गोदाम आज माणसांनी गजबजलेले आहे. एका रेल्वे स्थानकाची शोभिवंत दर्शनी इमारत जमीनदोस्त झाली, आणि तिला लागून असलेली फलाटांवरची शेड शाबूत राहिली. ज्या १९७९ साली हे घडले, त्याच वर्षी शहरातल्या सर्वांत भव्य स्थानकातून शेवटची गाडी सुटली आणि ते ओस पडले. सौंदर्य पाहावे, तर सुंदर इमारती गेल्या आहेत. मजबुती पाहावी, तर अत्यंत भक्कम बांधकामे रिकामी उभी आहेत. मग टिकण्याचे कारण शोधायचे कुठे? या प्रकरणात मांडायचा विचार असा आहे की औद्योगिक शहरातली इमारत तिच्या पायापेक्षा तिच्या दाराशी येणाऱ्या रहदारीवर अधिक उभी असते. माल, माणसे आणि काम यांची रोजची ये-जा तिला शहराशी बांधून ठेवते. ही ये-जा तुटली की इमारतीचे आयुष्य केवळ तिच्या भिंतींच्या टिकाऊपणाइतके उरते, आणि भिंती कितीही जाड असल्या तरी तेवढे पुरत नाही.

कालवा, रूळ आणि धान्याची कोठारे

बफेलोच्या इमारतींना त्यांची रूपे कुठून मिळाली हे आधी समजून घ्यायला हवे, कारण त्यांचे मरणही त्यातच दडलेले आहे. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाला. हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत ३६३ मैलांचा, म्हणजे सुमारे ५८४ किलोमीटरचा हा जलमार्ग. त्यापूर्वी बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला सुमारे १०० डॉलर पडत. कालव्यामुळे हा खर्च १० डॉलरच्या आसपास आला. मध्य-पश्चिमेचा गहू सरोवरातल्या जहाजांनी बफेलोला येई आणि इथे कालव्यातल्या अरुंद नावांमध्ये चढवला जाई. म्हणजे शहराचे मूळ काम माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात घालण्याचे होते. सुरुवातीला हे काम आयरिश मजुरांच्या पाठीवर चाले. १८४२ साली जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने आणि रॉबर्ट डनबार या अभियंत्याने वाफेवर चालणारे पहिले धान्य-एलिव्हेटर उभारले. फिरत्या पट्ट्यावर बसवलेल्या बादल्या जहाजाच्या पोटात उतरत, धान्य वर उचलत आणि उंच कोठारात ओतत. तिथून ते उताराने खाली, नावेत किंवा मालगाडीच्या डब्यात सोडता येई. दिवसभर राबूनही टोळीला न उरकणारे काम आता काही तासांत होऊ लागले. त्याच १८४२ च्या सुमारास ऑल्बनी ते बफेलो रेल्वेमार्गांची साखळी जोडली गेली, आणि १८५३ साली त्या छोट्या छोट्या कंपन्या एकत्र येऊन न्यूयॉर्क सेंट्रल ही बलाढ्य रेल्वे जन्माला आली. पुढे रेल्वेचे केंद्र म्हणून शिकागोनंतर बफेलोचे नाव घेतले जाऊ लागले.

लाकडी एलिव्हेटर आगीत जळत, म्हणून बांधणारे विटा आणि पोलाद वापरू लागले आणि पुढे काँक्रीटकडे वळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काँक्रीटचा साचा जॅकने हळूहळू वर सरकवत रात्रंदिवस ओतकाम करण्याची पद्धत रुळली. त्यातून बफेलो नदीच्या काठी प्रचंड नळकांड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९१५ ते १९१७ या काळात बांधलेले ‘काँक्रीट सेंट्रल’ हे कोठार सुमारे ४०० मीटर लांब असून त्यात ४५ लाख बुशेल, म्हणजे सव्वा लाख टनांच्या आसपास गहू मावत असे. युरोपातल्या तरुण वास्तुशिल्पकारांना अशा कोठारांनी भारून टाकले. वॉल्टर ग्रोपियसने १९१३ साली अमेरिकी कोठारांची छायाचित्रे जर्मनीत छापली, १९२० च्या दशकात ल कॉर्बुझिएने तशीच चित्रे आपल्या लेखनात वापरली, आणि १९२४ साली एरिक मेंडेलसोनने प्रत्यक्ष बफेलोत येऊन त्यांची छायाचित्रे घेतली. अलंकार नाही, दर्शनी भाग नाही, फक्त कामातून घडलेला आकार: आधुनिक वास्तुकलेला हवा असलेला पुरावा त्यांना इथे सापडला. इतिहासकार रेनर बॅनहम बफेलोच्या विद्यापीठात शिकवत असताना या कोठारांच्या अभ्यासाकडे वळला आणि १९८६ साली त्याने त्यांच्यावर एक महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

या कौतुकात एक गोष्ट मात्र निसटते. छायाचित्रात कोठार एकटे दिसते. प्रत्यक्षात ते कधीच एकटे नव्हते. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला मालगाडी, आणि पलीकडे फर्स्ट वॉर्ड ही आयरिश मजुरांची वस्ती अशी त्याची मांडणी होती. बादल्यांच्या पट्ट्याला जहाजाच्या कोपऱ्यातले धान्य उचलता येत नसे. ते दोरांनी ओढल्या जाणाऱ्या मोठ्या फावड्यांनी मध्यभागी लोटायला ‘स्कूपर’ म्हणवणारे मजूर लागत, आणि हे काम बफेलोत २००३ पर्यंत चालू होते. काँक्रीटचे ते शिल्प दिसायला निर्मनुष्य असले तरी त्याच्या पोटात माणसांचे काम होते आणि त्या माणसांची घरे, चर्च आणि गुत्ते चालत जाण्याच्या अंतरावर होते.

चार जोड्यांचा पुरावा

एकेकटी इमारत पाहून तिच्या टिकण्याचे कारण ठरवता येत नाही. जवळपास सारख्या असलेल्या, पण वेगळ्या नशिबाच्या दोन इमारती शेजारी ठेवल्या तर कारण दिसू लागते. बफेलोत अशा जोड्या हव्या तितक्या मिळतात. पहिली जोडी एकाच कंपनीच्या दोन इमारतींची. लार्किन ही साबणाची कंपनी टपालाने माल विकून मोठी झाली. तिने राइटकडून सेनेका स्ट्रीटवर कचेरी बांधून घेतली, आणि ती १९०६ साली पुरी झाली. शेजारूनच रेल्वे जात असल्यामुळे हवेत कोळशाचा धूर आणि काजळी असे. राइटने उत्तर म्हणून इमारत बाहेरच्या हवेला जवळजवळ बंद केली, आतली हवा यंत्राने शुद्ध केली आणि मध्ये छतापर्यंत उघडा चौक ठेवून वरून प्रकाश घेतला. कारकुनांसाठी ती फार मोठी सोय होती आणि वास्तुकलेसाठी एक नवे पाऊल. पण ही इमारत रस्त्याला पाठ करून, आत तोंड वळवून बसली होती, आणि एकाच कंपनीच्या एकाच कामकाजाला ती चपखल होती. कंपनी खचल्यावर १९४५ साली थकलेल्या करापोटी ती शहराच्या ताब्यात आली. कोणालाच तिचा उपयोग सुचला नाही. १९४९ साली ती ५,००० डॉलरला विकली गेली आणि १९५० मध्ये पाडली गेली. विकत घेणाऱ्याला तिथे ट्रकांसाठी थांबा करायचा होता. तोही कधी झाला नाही. आज कुंपणाच्या भिंतीचा एक विटांचा खांब तेवढा शिल्लक आहे. त्याच कंपनीचे रूळांना लागून असलेले अवाढव्य गोदाम मात्र उभे राहिले. गेल्या पंचवीस वर्षांत त्यात कचेऱ्या आल्या, समोर चौक तयार झाला, आणि फूड ट्रकच्या व संगीताच्या संध्याकाळींना तिथे गर्दी जमते.

दुसरी जोडी म्हणजे राइटची ही कचेरी आणि राइटचे गुरू लुई सलिव्हन यांनी डँकमार अॅडलरसह बांधलेली गॅरंटी बिल्डिंग. १८९६ साली पूर्ण झालेली ही तेरा मजली इमारत म्हणजे पोलादी सांगाड्यावर टेराकोटाच्या नक्षीचे कवच. पण खाली, रस्त्याच्या पातळीवर, सलिव्हनने दुकानांसाठी मोठ्या काचेच्या खिडक्या ठेवल्या. इमारत चर्च स्ट्रीट आणि पर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांच्या वस्तीत आहे. १९७४ साली तिला आग लागली आणि काही वर्षांतच मालकांनी ती पाडण्याची तयारी केली. नागरिक उठले, सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी जोर लावला, जीर्णोद्धारासाठी करसवलत देणारे केंद्रीय कायदे त्याच सुमारास आले होते, आणि १९८३ साली इमारत पुन्हा सुरू झाली. आज तिच्यात वकिलांची कचेरी आहे. राइटची इमारत १९५० साली पडली तेव्हा असा कायदा नव्हता आणि असे जनमतही नव्हते, हे खरेच. तरी चळवळीला यश यायला समोर एक खरा उपयोग दिसावा लागतो, आणि तो उपयोग त्या कोपऱ्यावरच्या रहदारीने पुरवला.

तिसरी जोडी स्थानकांची आहे आणि ती सर्वांत बोलकी आहे. न्यूयॉर्क सेंट्रलने १९२९ साली शहराच्या मध्यभागापासून सुमारे चार किलोमीटर पूर्वेला सेंट्रल टर्मिनल बांधले. फेलहायमर आणि वॅग्नर हे त्याचे वास्तुशिल्पकार. आर्ट डेको शैलीतला २७१ फुटी मनोरा, उंच कमानीचे दालन, चौदा रूळ; दिवसाला दोनशेच्या वर गाड्या आणि दहा हजार उतारू यांचा हिशेब धरून सारे आखलेले. रेल्वेच्या दृष्टीने जागा बिनचूक होती, कारण न्यूयॉर्क-शिकागो गाड्यांना आता शहराच्या गर्दीत शिरावे लागणार नव्हते. शहर वाढत वाढत स्थानकापर्यंत येईल अशी आशा होती. पण स्थानक जूनमध्ये उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. शहराचा मध्य तिकडे कधी सरकलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या गर्दीने फलाट भरले खरे, पण युद्धानंतर मोटार आणि विमान यांनी उतारू पळवले. १९६८ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली, दोनच वर्षांत त्या कंपनीचे दिवाळे निघाले, आणि १९७९ च्या ऑक्टोबरात टर्मिनलमधून शेवटची गाडी सुटली. पुढच्या मालकांच्या काळात दिवे, शोभेच्या वस्तू, दालनातले घड्याळसुद्धा निघून गेले. १९९७ साली एका स्वयंसेवी संस्थेने अवघ्या एका डॉलरला, थकलेल्या करांची जबाबदारी घेऊन, इमारत ताब्यात घेतली आणि तेव्हापासून तिची डागडुजी चालू आहे. घड्याळही परत आले आहे. आता दुसरे स्थानक पाहू. मेन स्ट्रीटच्या टोकाला, नदीकाठी, लॅकवाना रेल्वेने १९१७ साली टर्मिनल बांधले होते. उतारूंच्या गाड्या १९६२ मध्ये थांबल्या आणि १९७९ मध्ये त्याची सुंदर दर्शनी इमारत पाडली गेली. फलाटांवरची लांबलचक शेड वाचली, कारण शहराच्या नव्या मेट्रो रेल्वेला गाड्या ठेवायला आणि दुरुस्त करायला जागा हवी होती. ज्या भागाला कोणी कलाकृती म्हटले नसते तो भाग टिकला, कारण त्याच्या खालून चाके पुन्हा फिरू लागली.

चौथी जोडी कोठारांची. काँक्रीट सेंट्रलमधले काम १९६६ साली बंद झाले. ते नदीच्या वळणावर, मालगाड्यांसाठी आखलेल्या जागी आहे, आणि रूळ गेल्यावर तिथे पोहोचायला धड वाटही उरली नाही. त्याच नदीवर, मिशिगन अॅव्हेन्यूच्या बाजूला, जनरल मिल्सची गिरणी आणि तिची कोठारे आजही चालू आहेत. नाश्त्याचे चिरिओज तिथे भाजले जातात आणि वाऱ्याबरोबर तो वास शहराच्या मध्यभागात पसरतो. बांधकामाची पद्धत सारखी, काळ जवळपास सारखा. फरक इतकाच की एकाला जोडून गिरणी आहे आणि कामगारांची पाळी बदलते आहे. या दोहोंच्या जवळच १८९७ साली बांधलेले ग्रेट नॉर्दर्न हे विटांच्या कवचातले, पोलादी टाक्यांचे कोठार होते. नायगाराची वीज बफेलोत नुकतीच आली होती आणि तिच्यावर चालणाऱ्या पहिल्या कोठारांपैकी ते एक. त्याला शहराचा वारसा-दर्जा होता, पण काम नव्हते. डिसेंबर २०२१ मधल्या वादळात त्याची एक भिंत कोसळली. वारसाप्रेमी न्यायालयात गेले, तरी पुढच्या वर्षी पाडकाम सुरू झाले. दर्जाची पाटी इमारतीला वेळ मिळवून देते. त्या वेळात कोणी काम आणून दिले नाही तर पाटीचा उपयोग संपतो.

आक्षेप आणि उत्तरे

या विचारावर पहिला आक्षेप अर्थकारणाचा येतो. १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे हा जलमार्ग खुला झाला आणि समुद्रातली जहाजे बफेलोला न थांबता वेलंड कालव्यातून थेट पुढे जाऊ लागली. माल एका वाहनातून दुसऱ्यात घालण्याचे शहराचे मूळ कामच संपले. १९८३ मध्ये शेजारच्या लॅकवाना गावातल्या बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात पोलाद ओतणे थांबले. एके काळी तिथे वीस हजारांवर माणसे कामाला होती. एवढे मोठे धक्के बसल्यावर इमारतीच्या दाराशी कोणता रस्ता आहे याला काय महत्त्व, असे कोणीही विचारेल. आक्षेपात तथ्य आहे, पण तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देतो. शहर का खचले, याचे उत्तर सीवे आणि पोलाद यांत मिळते. त्याच खचलेल्या शहरात गॅरंटी का वाचली आणि सेंट्रल टर्मिनल का ओस पडले, याचे उत्तर त्यांत मिळत नाही, कारण तो धक्का दोघांनाही सारखाच बसला होता. वादळ सर्व झाडांवर येते. कोणते उन्मळले हे मुळांवरून कळते. इमारतीची मुळे म्हणजे भोवतीच्या वस्तीशी, कामाशी आणि वाहतुकीशी असलेले तिचे संबंध. एक संबंध तुटला तरी दुसरे धरून ठेवतील अशी ज्यांची स्थिती होती, त्या तगल्या.

दुसरा आक्षेप बांधकामाचा आहे. गोदामे टिकतात याचे कारण त्यांचे मोकळे, रुंद, मजबूत मजले कुठल्याही वापराला चालतात. काँक्रीटच्या नळकांड्यात माणूस राहू शकत नाही. मग रस्त्याचे श्रेय कशाला? लवचिक रचनेचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करायला हवे. राइटची कचेरी त्यामुळेच अडचणीत आली. पण लवचिकता ही फक्त शक्यता असते. ती प्रत्यक्षात आणायला कोणीतरी दारापर्यंत यावे लागते. सेंट्रल टर्मिनलचे दालन सभेला, बाजाराला, लग्नाला, प्रदर्शनाला, कशालाही चालण्यासारखे आहे, आणि तरी ते अनेक वर्षे रिकामे राहिले. उलट बाजूने नदीकाठच्या ‘सिलो सिटी’ या जागी, जिथे अमेरिकन, पेरो आणि मरीन ए ही कोठारे एकत्र उभी आहेत, तिथे काव्यवाचन, नाटक आणि कलेचे प्रयोग होऊ लागले आणि एका जुन्या गिरणीच्या इमारतीत घरेही झाली. रचना हट्टी होती, तरी तिथे रस्ता पोहोचतो, एकापेक्षा अधिक इमारतींनी मिळून एक अंगण तयार केले आहे, आणि माणसांना यायला निमित्त मिळाले. लवचिक रचना मदत करते, पण निर्णय तिच्या हातात नसतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो माणसांच्या बाजूने उभा राहतो. जुन्या औद्योगिक रस्त्याचे गोडवे गाणे म्हणजे तिथल्या हालांवर पांघरूण घालणे, असे तो सांगतो. हे विसरता कामा नये. बफेलोच्या धक्क्यावर विल्यम कॉनर्स हा कंत्राटदार स्कूपरांची भरती गुत्त्यांमधून करी. गुत्तेवाला मुकादम काम देई, मजुरीही गुत्त्यातच मिळे, आणि दारूवर खर्च न करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळण्याची शाश्वती नसे. १८९९ साली स्कूपरांनी याविरुद्ध संप केला, बिशप जेम्स क्विगली यांनी त्यांची बाजू घेतली, आणि गुत्त्यातून मजुरी देण्याची पद्धत मोडली. रूळ भर वस्तीतून रस्त्याच्या पातळीवर जात, गाड्यांखाली माणसे मरत, म्हणूनच रूळ आणि रस्ते वेगळे करण्यासाठी १८८८ साली एक खास आयोग नेमावा लागला. तेव्हा रस्ता म्हणजे सुख असे मुळीच नाही. पण हा संप घडला कुठे, ते पाहावे. ज्या रस्त्यावर गुत्ता होता त्याच रस्त्यावर चर्च होते, संघटनेची सभा होती आणि शेजाऱ्यांची घरे होती. शोषण आणि प्रतिकार एकाच वस्तीत, एकमेकांच्या नजरेसमोर वाढले. म्हणून या इमारतींपैकी फक्त कोठारे जपली आणि वस्ती पुसली, तर उरते ते मालकाच्या यंत्राचे स्मारक. मजुरांचा इतिहास भिंतीपेक्षा रस्त्यात अधिक असतो, आणि तो जपायचा असेल तर भोवतीच्या वस्तीचे जगणे चालू राहायला हवे.

हे जगणे चालू ठेवण्याऐवजी तोडल्यास काय होते, तेही बफेलोने दाखवले आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांनी १८६८ पासून शहरासाठी बागांची आणि त्यांना जोडणाऱ्या वृक्षाच्छादित रस्त्यांची एक साखळी आखली. त्यातला हम्बोल्ट पार्कवे हा सुमारे दोनशे फूट रुंदीचा, झाडांच्या रांगांचा रस्ता शहराच्या पूर्व भागातून जाई. भोवती मोठी कृष्णवर्णीय वस्ती होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उपनगरांतून मोटारींना झटपट आत येता यावे म्हणून तो खणून तिथे केन्सिंग्टन एक्सप्रेसवे हा खोलगट महामार्ग काढण्यात आला. झाडे गेली, शेजारी दोन काठांवर विभागले गेले, कोपऱ्यावरची दुकाने बंद झाली. मोटारींची वाहतूक वाढली, वस्तीची ये-जा मात्र संपली. याच पूर्व भागात, सेंट्रल टर्मिनलच्या जवळ, पोलिश वस्तीने १८८८ साली उभारलेला ब्रॉडवे मार्केट हा बाजार आहे. पोलिश कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांत गेली, तरी ईस्टरच्या आठवड्यात तिथे लोण्याचे कोकरू आणि सॉसेज घ्यायला गर्दी उसळते आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी ‘डिंगस डे’ची मिरवणूक निघते. हा बाजार टर्मिनलपेक्षा किती तरी साधा आहे. पण त्याच्याकडे दरवर्षी परत येण्याचे कारण आहे, आणि टर्मिनलच्या पुनरुज्जीवनाची आशा बाळगणाऱ्यांनी डिंगस डेचे उत्सव त्या दालनात भरवले, ते याच कारणाच्या जोरावर.

विरोधातला सर्वांत अवघड पुरावा मात्र मेन स्ट्रीटचा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे मेट्रो रेल्वे आली, मध्यभागातला रस्ता मोटारींना बंद करून पादचाऱ्यांना दिला गेला, म्हणजे रूळ, माणसे आणि जुन्या इमारती एकत्र आल्या. तरी दुकाने ओस पडली आणि पुढे मोटारी परत आणाव्या लागल्या. रहदारीच इमारतींना तारते, तर इथे ती का तारू शकली नाही? उत्तर रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला आहे. विद्यापीठाचा मोठा नवा परिसर अॅमहर्स्ट या उपनगरात उभा राहिला होता आणि रेल्वे तिथपर्यंत न्यायची मूळ कल्पना होती. पैशाअभावी ती शहराच्या हद्दीजवळ, जुन्या परिसरापाशीच थांबली. मोठी दुकाने उपनगरांतल्या मॉलमध्ये गेली. म्हणजे रूळ टाकले, पण ज्यांना ये-जा करायची होती त्या माणसांपर्यंत ते पोहोचले नाहीत. रस्ता फरशा घालून तयार होत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना घर, शिक्षण, काम यांपैकी काहीतरी असावे लागते. सेंट्रल टर्मिनलबाबतही २०१७ साली असेच झाले. नवे स्थानक कुठे असावे याचा निर्णय मध्यवर्ती एक्स्चेंज स्ट्रीटच्या बाजूने लागला आणि तिथले नवे छोटे स्थानक २०२० मध्ये उघडले. वारसाप्रेमींना दुःख झाले, पण निर्णयामागे एक तर्क होता: जिथे लोक आहेत तिथे गाडी थांबावी. १९२९ मध्ये हाच तर्क पाळला असता, तर ते भव्य दालन कदाचित आज उतारूंनी भरलेले असते.

एक शेवटचा आक्षेप पैशाचा. शाळा, पाणी आणि घरे यांना पैसा अपुरा असताना रिकाम्या भिंतींवर तो का घालावा? इमारत वेगळी काढून तिला देखावा बनवायचे असेल, तर या आक्षेपाला उत्तर नाही. तो खर्च खरोखरच टिकत नाही. पण वारसा जपण्याचा अर्थ भोवतीच्या वस्तीला पुन्हा ये-जा मिळवून देणे असा घेतला, तर शाळा, घर आणि इमारत यांचा खर्च एकमेकांच्या विरोधात उभा राहत नाही. दुरुस्तीला स्थानिक कारागीर लागतात, गोदामात कचेरी आली की कोपऱ्यावरचे खानावळवाले जगतात, जुन्या इमारतीत परवडणारी घरे करता येतात. शहरातल्या नदीकाठी १९९९ च्या सुमारास ईरी कालव्याच्या मुखाशी असलेल्या जुन्या घाटाचे दगडी अवशेष मातीखाली सापडले. ते पुन्हा गाडून नवे बांधकाम करण्याऐवजी घाट उघडा करावा म्हणून नागरिक लढले, आणि २००८ साली तिथे पुन्हा पाणी आले. आज तिथे लोक उन्हाळ्यात नावा घेऊन आणि हिवाळ्यात स्केट्स घालून येतात. त्या जागेचे पर्यटनस्थळ होण्याचा धोका आहेच, पण गाडलेल्या घाटाकडे कोणीच आले नसते.

बफेलोच्या अनुभवावरून कोणत्याही जुन्या औद्योगिक शहराने आपल्या वारशाच्या यादीचा क्रम बदलावा असे मला वाटते. सध्या पहिला प्रश्न असतो, ही इमारत कोणी बांधली आणि ती किती सुंदर आहे. तो प्रश्न हवाच. नाही तर पुन्हा एखादी लार्किन पाडली जाईल आणि कोणाला खेदही वाटणार नाही. पण त्याआधी विचारायला हवे की तिच्या दाराशी आज कोण येते, कोण यायचे थांबले आणि का थांबले. रूळ उखडले गेले असतील, तर दुसरी कोणती वाहतूक तिथे आणता येईल? भोवतीची घरे रिकामी असतील, तर आधी ती भरण्याचा खर्च करावा का? महामार्गाने वस्ती तोडली असेल, तर ती जोडण्याचा प्रश्न वारशाच्या खात्यातच का मोजू नये? २०२० च्या जनगणनेत बफेलोची लोकसंख्या २,७८,३४९ नोंदली गेली, म्हणजे सत्तर वर्षांनी पहिल्यांदा वाढली. त्यात बाहेरच्या देशांतून आलेल्या निर्वासितांचा आणि स्थलांतरितांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांपैकी अनेकांनी घर केले ते याच जुन्या औद्योगिक वस्त्यांमध्ये. एके काळी आयरिश आणि पोलिश माणसे ज्या कारणासाठी आली त्याच कारणासाठी ती आली: काम, परवडणारे घर आणि शेजार. शहराच्या जुन्या भिंतींना खरा आधार त्यांचाच आहे, आणि त्यांच्या रोजच्या ये-जेची सोय करणे हेच वारसा जपण्याचे पहिले काम आहे.